डाव्या बाजूचा फुटाणा

“एक ती केस सोडली, तर साळवेंच्या हातून कधी चूक झाली नाही.”

शोकसभेत मोठे सर, म्हणजे आमच्या दवाखान्याचे मुख्य सर्जन, असं म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांचा हेतू वाईट नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलताना एखादा बारीकसा दोषही सांगायचा, म्हणजे स्तुती खरी वाटते, अशी त्यांची बोलायची पद्धत आहे. मी पहिल्या रांगेत होते. निवृत्त मेट्रन म्हणून मला गादीची खुर्ची दिली होती. समोर टेबलावर साळवेमामांचा फोटो, त्याला हार, शेजारी मेणबत्ती. फोटोतही मामा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. जरा खाली, फोटो काढणाऱ्याच्या हनुवटीकडे बघत होते. त्या क्षणी मी उठून बोलायला हवं होतं. मी उठले नाही. घरी आले, आणि तिसऱ्या दिवशी ही वही उघडली.

त्या एका केसबद्दलच लिहायचं आहे. पण ते एकदम लिहिलं तर मामा कोण होते ते कळायचं राहील, आणि मला माझंच रडगाणं गायचं नाही.

उत्तम साळवे आमच्या दवाखान्यात दातांच्या विभागाचे टेक्निशियन होते. दवाखाना ट्रस्टचा, शहरातलाच; नाव लिहीत नाही. मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर, सगळ्यांची जोशी सिस्टर. मामा मूळचे सोयगावकडचे. तळमजल्यावर त्यांची लॅब होती. तिथे मेण वितळवायचं, प्लॅस्टर कालवायचं, कवळ्या बनवायच्या, हे त्यांचं काम. खरं तर दवाखान्यात ‘मामा’ म्हणतात ते वॉर्डातल्या शिपायाला, टेक्निशियनला नाही. पण नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात कुणा नातेवाइकानं त्यांचा प्लॅस्टरनं माखलेला शर्ट बघून “मामा, स्ट्रेचर आणा” म्हणून फर्मावलं, आणि हे गेले आणि घेऊन आले. तेव्हापासून ते मामा झाले. मी एकदा म्हटलं, “अहो, सांगायचं ना तुम्ही कोण ते.” तर म्हणाले, “सांगत बसलो असतो तर स्ट्रेचर कोन आनलं असतं?”

त्यांना माणसांची नावं लक्षात राहत नसत. माणूस ते जबड्यावरून ओळखत. “ते नाय का, खालचा जबडा पुढं असलेले, अकौंटवाले,” असं म्हणायचे, आणि आपल्याला ते साहेब कोण हे लगेच कळायचं, आणि मग त्या साहेबांशी गंभीरपणे बोलणं अवघड व्हायचं. नव्या डीनसाहेबांची ओळख करून दिली तेव्हा “जयभीम” करून मामा दोन मिनिटं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “साहेब, डाव्या बाजूनं जेवत जा. उजवीकडं लई झीज झालीय.” साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, हा माणूस ठीक आहे ना?

माझी गोष्टही वेगळी नव्हती. पहिल्या भेटीतच मला म्हणाले, “सिस्टर, तुम्ही झोपंत दात खाता.” मला इतका राग आला! हे माझ्या नवऱ्यालाही माहीत नव्हतं. तो माझ्याआधी झोपतो. “सुळे घासलेत तुमचे,” ते शांतपणे म्हणाले, “दिवसा राग गिळला की रातच्याला दातावर निघतो.” त्यानंतर आमची मैत्री झाली असं म्हणता येईल. म्हणजे मी त्यांच्यावर खेकसायची आणि ते माझे दात बघायचे.

आणि फुटाणे. मामांच्या शर्टाच्या वरच्या खिशात कायम फुटाणे असत. शहागंजातून आणत, एका ठरावीक गाड्यावरून. त्याचं कारण होतं. आमच्याकडे जबड्याच्या ऑपरेशनला येणारे निम्मेअधिक लोक गुटख्यानं आणि तंबाखूनं तोंड जाळून घेतलेले असत. काही अपघातातले, काही हाडातल्या गाठीचे. ऑपरेशन होई, टाके निघत, मग काही महिन्यांनी मामा त्यांना दात बसवत. सर्जन कागदावर “बरा झाला” असं लिहीत. मामांचं कागदावर भागत नसे. ते रोग्याला स्टुलावर बसवत, एक फुटाणा काढून त्याला नव्या दाताखाली धरायला लावत. मग आपला एक तळहात त्याच्या जबड्याच्या कोनावर टेकवत, कान गालाजवळ नेत, आणि म्हणत, “हं. फोडा.”

कट् असा आवाज आला की मामांचा चेहरा असा काही उजळे, की वाटावं फुटाणा त्यांनीच खाल्ला. “झालं! आता तुमचा-आमचा हिशेब संपला,” म्हणत ते उरलेले फुटाणे रोग्याच्या हातात ओतत. मी त्या लॅबमध्ये मोठमोठ्या मिशीवाल्या पुरुषांना एका फुटाण्यासाठी रडताना पाहिलं आहे.

मग आमच्याकडे थ्री-डी प्रिंटर आला. त्यासाठी कुणा तरुण इंजिनिअरला ठेवायचं ठरत होतं. मोठे सर म्हणाले, “साळवेंना विचारून बघू.” पुण्याहून शिकवायला आलेला माणूस दोन दिवस घाईघाईनं बोलला. मामांनी एक शब्द लिहून घेतला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्कॅनवरून एका माणसाचा खालचा जबडा छापून काढला आणि थिएटरच्या दारात मला आणून दाखवला. पांढरा, हलका, दातांच्या मुळांच्या खाचांसकट. “बगा सिस्टर. तोंड उघडलं नाय, अन् हाड हातात.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पन्नाशीच्या माणसाला नवं शिकवायचं म्हटलं की नुसत्या कटकटी, असं मी आदल्या दिवशीच कुणाला तरी म्हटलं होतं. ते शब्द मला गिळावे लागले.

त्या छापील जबड्यामुळे सर्जनचं काम किती बदललं ते सांगायला हवं. पूर्वी जबड्याचा रोगट भाग काढला की पायातलं हाड आणून, डोळ्यांच्या अंदाजानं तुकडे करून तिथे जोडत. आता ऑपरेशनच्या आधीच सगळं ठरू लागलं. मामा जबडा छापत, त्याच्यावर धातूची पट्टी वाकवून ठेवत. आणि पायाचं हाड कुठे, कोणत्या कोनात कापायचं ते दाखवणारी प्लॅस्टिकची खाचांची पट्टीही छापत. डॉक्टर तिला गाइड म्हणत. मामा म्हणत फर्मा, शिंप्याचा असतो तसा. फर्मा हाडावर बसवायचा, खाचेतून करवत फिरवायची, की तुकडे बरोबर बेतलेले निघत. बेतात केसभर फरक पडला तर दातावर दात बसत नाही. “दातावर दात,” हे त्यांचं रोजचं म्हणणं होतं.

कॉम्प्युटरवर एक सोय असते. एक बाजू रोगानं खाल्ली असेल तर दुसऱ्या चांगल्या बाजूची उलटी प्रतिमा घेऊन तिथे बसवायची, आरशातल्यासारखी. सुरुवातीला मामाही तेच करत. एस.टी.तल्या एका कंडक्टरचं ऑपरेशन असं फार सुरेख झालं. बँडेज निघाल्यावर सगळे खूश. त्यांची बायको मात्र पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून नुसती बघत राहिली. मामांनी विचारलं, “काहून वैनी, काय झालं?” ती संकोचून म्हणाली, “चांगलंच झालंय. पन लई सरळ दिसायलेत. ह्यांचं तोंड हासलं की जरासं उजवीकडं जायचं. आता आमचे वाटंनात.”

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी नियमच केला. प्रत्येक रोग्याच्या घरून जुना फोटो मागायचा, हसतानाचा. “लग्नातला नको. लग्नात कोनी खरं हासत नाय.” एकानं आधार कार्ड आणलं तर ते परत पाठवलं. फोटो समोर ठेवून ते छापील जबडा कानशीनं जरासा घासत, तोंडाचा मूळचा बाक त्यात आणत. शिकाऊ डॉक्टर हसायचे, की मामा, जिथे कॉम्प्युटर सरळ करतो तिथे तुम्ही वाकडं करता. मामा म्हणायचे, “माणूस सरळ नसतोच हो. त्याला घरच्यांनी ओळखलं पायजे, कॉम्प्युटरनं नाय.”

अजून एक गोष्ट सांगून मग त्या केसकडे येते, कारण ती मी तेव्हा हसण्यावारी नेली होती. झाडताना एका वॉर्डातल्या मावशीच्या हातून लॅबमधला छापील जबडा खाली पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. मावशी तुकडे पदरात घेऊन उभी होती. सर आले तेव्हा मामा म्हणाले, “प्रिंटच कच्ची निघाली सर, दुसरी लावलीय.” सर गेल्यावर मी म्हटलं, “मामा, धडधडीत खोटं?” ते म्हणाले, “माणसावर आलं की माणूस मोडतो सिस्टर. मशीनवर आलं तर काय, मशीन फुगून बसत नाय.” आम्ही दोघं हसलो. मावशी तेवढी रडत होती.

आता कविता.

कविता शेंद्र्याची. तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगच्या लाइनवर कामाला. सव्वीस वर्षांची, अंगानं बारीक, बोलायला चुरचुरीत. तिच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. कॅन्सर नव्हे, पण हाड पोखरत जाणारी. तेवढा भाग काढून पायाचं हाड बसवायचं ठरलं. मामांनी तिचा जबडा छापला आणि रोजच्या रिवाजाप्रमाणे तिच्या हातात दिला. “धर. हे तुपलंच हाय. भ्यायचं नाय.” तिनं तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, “मामा, पुन्हा भाकर चावता येईल का? आमी बाया डब्याला गोल करून बसतो. मला तोंड फिरवून बसायची पाळी नाय ना येनार?” मामांनी खिशातला एक फुटाणा काढून तिला दाखवला आणि परत खिशात ठेवला. “हा तुपल्या नावाचा.”

फर्म्याचं प्लॅस्टिक उष्णता सोसत नाही. म्हणून तो वाफेत घालायचा नसतो. थंड गॅसच्या यंत्रात निर्जंतुक करायचा असतो, आणि त्याला रात्रभराचा वेळ लागतो. हे मला माहीत होतं. प्रत्येक वेळी मामा फर्मा माझ्या हातात देताना तेच सांगायचे, “सिस्टर, गॅस. वाफ नाय.” पाकिटावरही मोठ्या अक्षरात लिहायचे. बावीस वर्षं थिएटर सांभाळणाऱ्या बाईला रोज तेच ऐकवलं की तिचं डोकं फिरतंच. त्या संध्याकाळीही ते म्हणाले आणि मी म्हटलं, “पाठ झालंय हो मामा, जा आता.”

आणि मी पाकीट फडताळावर ठेवलं आणि विसरले.

सकाळी आठ वाजता ते तिथेच दिसलं. कविताला टेबलावर घेतलेलं होतं. गॅसला वेळ नव्हता. सरांना सांगितलं असतं तर ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ढकललं असतं, इतकंच. पण पुढच्या महिन्यात मेट्रनच्या जागेवर माझं नाव लागणार होतं, आणि जोशी सिस्टर विसरली हे मला कुणाला ऐकू द्यायचं नव्हतं. वाफेतून निघालं ते शुद्ध, हे तर माझ्या हाडात मुरलेलं. मी मनाशी म्हटलं, थोडा वेळच ठेवू, काय होतंय? पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं आणि फर्मा वाफेत घातला. बाहेर काढला तेव्हा तो अगदी होता तसा दिसला. मी देवाचे आभार मानले, हेही लिहून ठेवते.

तासाभरानं सर म्हणाले, “सिस्टर, हा पायावर नीट बसत नाहीये.”

मी म्हणाले, “जरा दाबून बघा, सर.”

त्यांनी दाबला. बसला. करवत फिरली. हाडाचे तुकडे जोडायला घेतले तर ते धातूच्या पट्टीशी जुळेनात. सर घामाघूम झाले. शेवटी त्यांनी जुन्या पद्धतीनं, डोळ्यांच्या अंदाजानं ते घासून जमवले. ऑपरेशन दुपटीनं लांबलं. कविता वाचली, गाठ गेली. पण डावीकडचं नवं हाड खाली आणि आत कलून बसलं. हनुवटी एका बाजूला ओढली गेली, आणि तिथे दात बसवायला सरळ जागाच उरली नाही.

चौकशीला तिघांची समिती बसली. टेबलावर काच होती. मामांना बोलावलं, तो फर्मा त्यांच्यापुढे ठेवला. मी भिंतीशी उभी होते. मामांनी फर्म्याच्या एका टोकावर बोट टेकवलं, तर दुसरं टोक काचेवरून उचललं गेलं. बोट काढलं तर ते टक् करून खाली आलं. त्यांनी दोनदा तसं केलं. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या एकदाच त्यांनी माझ्या दातांकडे नाही, डोळ्यांकडे बघितलं. ते काय ते समजले होते. प्लॅस्टिक वाफेत कसं वाकतं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं?

“प्रिंट निघतानाच वाकला असंल, साहेब,” ते म्हणाले. “म्या तपासला नाय. मपल्याच हातनं झालं.”

साळवे आडनावाच्या टेक्निशियनची चूक मान्य करायला समितीला दहा मिनिटं लागली. जोशी आडनावाच्या सिस्टरला कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. उलट एकानं “सिस्टर, तुम्ही बसा ना” म्हणून खुर्ची पुढे केली. मी बसले.

मशीनवर काही आलं तर मशीन फुगून बसत नाही, असं मामांना वाटलं होतं. पण तिथे मामा चुकले. त्यांना मशीनवरून काढलं. प्रिंटरवर निळं झाकण पडलं. पुढे छपाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाऊ लागलं, तेही ज्यांना खर्च झेपेल त्यांचंच; बाकीच्यांचे जबडे पुन्हा अंदाजानं. मामा परत मेणाच्या टेबलाशी बसले. रोज सकाळी आले की आधी ते निळं झाकण फडक्यानं पुसत आणि मग कामाला लागत. मी मेट्रन झाले. त्यांनी मला पेढा मागितला, आणि मी दिलाही.

एकदा जिन्यात गाठून मी त्यांना म्हटलं, “मामा, त्या दिवशी तुम्ही...” ते म्हणाले, “कोन्या दिवशी?” आणि खाली उतरून गेले.

कविताला सरांनी दुसऱ्या ऑपरेशनचं विचारलं. ती म्हणाली, आता दुसरा पाय कापू द्यायची नाय. मग मामांनी तिचं काम हाती घेतलं. कललेल्या हाडावर टिकेल अशी अर्धी कवळी करायची, मेण आणि प्लॅस्टर घेऊन, हातानं. ती महिन्या-दोन महिन्यांनी शेंद्र्याहून यायची. पहिली कवळी घसरली, दुसरी रुतली, तिसरीनं जखम झाली. दर वेळी मामा स्टुलावर बसवून तिच्या डाव्या दाताखाली फुटाणा ठेवत, तळहात जबड्याला, कान गालाशी. “हं. फोड.” फुटाणा निसटायचा. मामा तो उचलून कागदात गुंडाळून ठेवत. त्यांच्या टेबलाच्या खणात अशा पुड्या साठल्या होत्या. मी एकदा त्या बघितल्या आणि परत त्या लॅबमध्ये गेले नाही. कविता कंपनीत भिंतीकडे तोंड करून जेवते, हे मला तिच्याकडून नाही, दुसऱ्या कुणाकडून कळलं.

मामा निवृत्त झाले ते हर्सूलला दोन खोल्यांच्या घरात. निरोपाच्या दिवशी त्यांनी दवाखान्याकडे एकच गोष्ट मागितली, मेण तापवायचा जुना स्पिरिटचा दिवा. तो त्यांना दिला. कविता मग हर्सूलला जाऊ लागली.

दोन वर्षांनी मीही निवृत्त झाले, आणि त्याच महिन्यात एका रविवारी सकाळी मामांकडे गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले. आता माझी नोकरी जाणार नव्हती, खुर्ची जाणार नव्हती. काही जाण्यासारखं उरलं नाही तेव्हा मला खरं बोलायची हिंमत आली. असली माझी हिंमत!

घरात कविता आधीच स्टुलावर बसलेली. मामा फार वाळले होते. कानाला यंत्र लागलं होतं. हातात नवी कवळी. “या सिस्टर, बराबर वेळंवर आलात. अकरावी हाय ही.” त्यांनी ती बसवली, बोटानं दाबून बघितली, फुटाणा काढून तिच्या डाव्या दाताखाली ठेवला. तळहात जबड्याच्या कोनावर. यंत्रवाला कान गालाशी. “हं. फोड.”

कट्.

“फुटला!” मामा ओरडले. “आयकलं का सिस्टर? फुटला की!”

मी समोर बसले होते. कवितानं जिभेनं फुटाणा हळूच उजवीकडे नेला होता. तिच्या उजव्या गालाचा स्नायू उचलला गेलेला मी बघितला. डावा गाल हललाही नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरलेले होते आणि त्यात विनवणी होती.

“ऐकलं, मामा,” मी म्हणाले.

मामांनी आत बायकोला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. सगळे फुटाणे कविताच्या ओंजळीत ओतले. “झालं पोरी. आता हिशेब संपला.” ती वाकून पाया पडली आणि चहा न घेताच पदरानं तोंड पुसत गेली. या आनंदात मी माझं काय घेऊन बसू? मी चहा घेतला, उठले. मामा फाटकापर्यंत आले. एका हातानं फाटक धरून माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“दात खानं वाढलंय तुमचं,” ते म्हणाले. “सुळे पार सपाट झाले.”

मी ओठ मिटून घेतले.

“सिस्टर, फुटाना कोन्या बाजूला फुटला ते कानाला कळत नाय. हाताला कळतं.” त्यांनी आपला तळहात जरासा वर करून दाखवला. “तिला वाटलं, मामाला बरं वाटंल. वाटू द्यावं. लेकराचं मन कशाला मोडायचं?” मग खिसा चाचपून त्यांनी उरलेसुरले दोन-चार फुटाणे माझ्या हातावर ठेवले, आणि माझी मूठ स्वतः मिटून दिली. “जावा आता. ऊन व्हायलंय.”

म्हणजे इतकी वर्षं त्यांच्या हाताला सगळं कळत होतं. कविताचंही आणि माझंही.

मी रस्त्याला लागले. वळणावर मागे बघितलं. मला वाटलं होतं, ते फाटकात उभे असतील. ते नव्हते. खिडकीत टेबलाशी परत बसलेले दिसले. समोर स्पिरिटचा दिवा पेटवला होता आणि त्यावर मेणाची वडी धरून हळूहळू फिरवत होते. बारावी कवळी.

मी परत जाऊन म्हणायला हवं होतं, मामा, फर्मा मी वाफेत घातला. चार शब्दांचं काम होतं, आणि फाटक उघडंच होतं. मी तशीच चालत राहिले. बारावी कवळी अर्धीच राहिली, असं शोकसभेत त्यांच्या बायकोनं सांगितलं. कविता अगदी मागच्या रांगेत बसली होती, भिंतीकडे तोंड करून.

उद्या ही वही मी मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवणार आहे. तिथून पुढे शेंद्र्याला जायचं आहे.